निधी मागण्याआधी संस्थेचे कागद मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतचे दिवस आपल्याकडे पावतीपुस्तकांचे. अलीकडे त्यात एक चांगली भर पडली आहे. दहावीच्या जुन्या बॅचचे ग्रुप, अपार्टमेंटमधली महिला मंडळे, कुपवाड एमआयडीसीतले कामगार अशी मंडळी एखादी संस्था मनात धरतात आणि तिच्यासाठी निधी जमवू पाहतात. कुणाला विशेष मुलांच्या निवासी शाळेला हातभार लावायचा असतो, कुणाला वाचनालयाला, तर कुणाला मिरजेला उपचारासाठी येणाऱ्या परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणाऱ्यांना. तळमळ खरी असते. पण पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर कुणाच्या तरी वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड पडतो आणि पुढचे सगळे घोटाळे तिथून सुरू होतात. सार्वजनिक संस्थांचे हिशेब लिहिणे हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून हे सविस्तर पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर करावी, पण पावती आणि खात्याचा भाग कृपया तसाच ठेवावा.

आधी संस्थेकडे जा. निधी जमवून झाल्यावर "आम्ही तुमच्यासाठी इतके जमवले" असे सांगायला जाऊ नका. संस्थेला त्या रकमेचा, त्या कामासाठी उपयोग असेलच असे नाही. पहिल्या भेटीत चार गोष्टी पाहायला मागा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीचा क्रमांक, संस्थेच्या नावाचा पॅन, देणगीदाराला आयकरात मिळणाऱ्या ८०जी सवलतीचा आदेश आणि त्याची मुदत, आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. कागद दाखवायला खळखळ करणाऱ्या संस्थेसाठी दारोदार फिरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाचवी गोष्ट धर्मादाय कार्यालयातून काढावी लागते, ती म्हणजे पी.टी.आर. उतारा, सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीतला. आजचे विश्वस्त कोण, हे त्यावर दिसते. हा उतारा कुणी काढत नाही आणि नेमकी तिथेच फसगत होते. अनेक संस्थांत जुने आणि नवे असे दोन गट असतात, विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून असतो आणि प्रत्येक गट स्वतःला खरे विश्वस्त मंडळ म्हणवतो. तुम्ही एका गटाच्या हाती धनादेश दिलात की दुसरा गट बँकेला पत्र देतो, खाते थांबते आणि मुलांच्या धान्याचे पैसे त्या भांडणात अडकतात.

कागद नीट असतील तर संस्थेकडून ठरावाची प्रत आणि संमतीपत्र घ्या. कोणत्या कामासाठी, किती रुपयांपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात आणि पावत्या कोण फाडणार, एवढे त्यात यावे. जास्त जमले किंवा कमी पडले तर रकमेचे काय करायचे, हेही त्यातच लिहून घ्या आणि आवाहनातही तेच वाक्य छापा. सौर बंबासाठी म्हणून जमवलेले पैसे उरले आणि ते रंगरंगोटीला गेले, तर त्यात चोरी नसते. पण ज्याने बंबासाठी दिले त्याला न विचारता ते झालेले असते, आणि पुढच्या वर्षी तो दार उघडत नाही.

कायद्याची बाजू इथेच सांगून टाकतो. संस्थेची पावती, संस्थेचे खाते आणि संस्थेची संमती घेऊन तुम्ही फिरत असाल तर ते संस्थेचेच निधिसंकलन होते. पण तुमचा ग्रुप स्वतःच्या नावाने पैसे जमवणार असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात ती हीच. "आम्ही काय मंडळ आहोत का?" हा प्रश्न कायद्यापुढे टिकत नाही. आठवडी बाजारात किंवा बसस्थानकावर डबा फिरवायचा असेल तर जागेच्या मालकाची आणि पोलीस ठाण्याची परवानगीही घ्या.

आता गरज कोणती निवडायची, याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आपल्या भागातले बहुतेक दान इथेच भलतीकडे जाते. वाढदिवस, श्राद्ध, लग्नाचा वाढदिवस या निमित्ताने लोक वसतिगृहातल्या मुलांना गोडाचे जेवण देतात. एकाच रविवारी दोन देणगीदारांची जिलेबी येते आणि मंगळवारी वीजबिलाची तारीख उलटते. मुलांना सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, गॅस, गाडीचा विमा, औषधे, शौचालयाची दुरुस्ती यासाठी मागणारा कुणी नसतो, म्हणून देणाराही नसतो. तेव्हा व्यवस्थापकांना सरळ विचारा, मागच्या बारा महिन्यांत कोणते बिल उशिरा भरावे लागले? त्या उत्तरात तुमचे काम सापडते.

"तिथी" योजनेचे गणितही तपासून घ्या. एकदा रक्कम ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला मुलांना जेवण द्यायचे, ही रीत चांगली आहे. पण समजा ४० मुले आहेत, एका जेवणाचा खर्च माणशी ४५ रुपये धरला, तर दोन वेळचे ३,६०० रुपये होतात. सात टक्के व्याज धरले तर दरवर्षी ३,६०० रुपये मिळायला साधारण ५१,५०० रुपयांची ठेव लागते. अनेक ठिकाणी ही तिथी अजून ११,००० रुपयांना दिली जाते. त्यावर वर्षाला व्याज येते ७७० रुपये. उरलेले २,८३० रुपये संस्था दरवर्षी स्वतःच्या खिशातून घालते, आणि महागाईबरोबर हा खड्डा वाढत जातो. म्हणजे अशा शंभर तिथ्या गोळा करून देणारा गट संस्थेला दरवर्षी पावणेतीन लाखांहून जास्त रकमेच्या तोट्यात घालतो, आणि सत्कारही त्याचाच होतो. तिथी घ्यायचीच असेल तर "दहा वर्षांसाठी" अशी मुदतीची घ्या. रक्कम कायम निधीत जायची असेल तर देणगीदाराकडून तसे लेखी घ्या. ते पत्र नसेल तर ती साधी देणगी धरली जाते. आणि ही ठेव पतसंस्थेत ठेवू देऊ नका. दोन टक्के जास्त व्याजाचा मोह सगळ्यांना होतो, पण ५ लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेला नाही. शिवाय न्यासाचे पैसे कुठे गुंतवायचे याचे कायद्याने घालून दिलेले मार्ग आहेत, त्यात पतसंस्था बसत नाही.

गरज ठरली की तिला रुपयांत आणा. तीन कोटेशन घ्या, जीएसटी, वाहतूक आणि बसवणी धरून आकडा काढा आणि वर दहा टक्के सोडा. समजा आकडा आला २ लाख. आता कागदावर उतरंड मांडा. २५,००० चा एक देणगीदार, १०,००० चे तीन, ५,००० चे दहा, २,००० चे पंचवीस, हे झाले १,५५,०००. उरलेल्या ४५,००० साठी पाचशेचे नव्वद लोक. एकूण १२९ देणगीदार. एका होकारामागे तीन-चार जणांना विचारावे लागते असे धरले, तर तुमच्याकडे चारशे-पाचशे नावांची यादी हवी. तेवढी नावे लिहून होत नसतील तर आकडा कमी करा. एका बंबाऐवजी त्याच्या निम्म्या खर्चाची जबाबदारी घ्या. आणि "हजार लोकांनी दोन-दोनशे दिले तरी झाले" या हिशेबावर विसंबू नका. हजार लोकांपर्यंत पोहोचायला आणि त्यांच्या पावत्या फाडायला जे मनुष्यबळ लागते ते पाच-सहा जणांच्या गटाकडे नसते.

पहिले पैसे गटातल्यांनी घालावेत. यादीवर तुमचीच नावे नसतील तर व्यापारी पेठेतला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. त्यानंतर मोठ्या रकमांच्या भेटी, मग मधल्या, आणि ग्रुपवरचे जाहीर आवाहन सर्वांत शेवटी, निम्म्याहून जास्त रक्कम जमल्यावर. उलटे केले तर २५,००० देऊ शकणारा माणूस ग्रुपवर इतरांचे पाचशे बघतो आणि आपलेही पाचशे टाकून मोकळा होतो; त्याच्याकडे पुन्हा जाता येत नाही. भेटीला दोघांनी जावे, त्यातला एक ओळखीचा असावा. रक्कम स्पष्ट बोलावी. "तुम्ही दहा हजारांची जबाबदारी घ्याल का?" असे विचारून गप्प बसावे. "बघू, पाठवतो" म्हणाले तर तिथल्या तिथे तारीख विचारून घ्यावी.

सांगलीत पैसा वर्षभर सारखा फिरत नाही, हेही ध्यानात घ्या. मार्केट यार्डात नवी हळद साधारण फेब्रुवारी ते मे येते, बेदाण्याचे सौदेही त्याच सुमारास भरात असतात, द्राक्षाचे पैसे जानेवारी ते एप्रिल. उसाचे बिल हंगाम सुरू झाल्यावर यायला लागते. कायद्याने ते १४ दिवसांत मिळायला हवे, पण शेतकऱ्याकडे जाताना ते खरोखर जमा झाले आहे का हे आधी विचारून जा. दूध घालणाऱ्या घरात दिवाळीआधी फरकाची रक्कम येते. नोकरदार फेब्रुवारी-मार्चमध्ये कराचा विचार करतो. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली (सोने-चांदी गाळणारी) मंडळी देशभर पसरली आहेत. ती गावच्या यात्रेला आणि दिवाळीला घरी येतात. त्यांच्याकडे तेव्हाच समक्ष जा, फोनवर मागू नका. जून-जुलैमध्ये शाळेची फी, पेरणी आणि नदीच्या पाण्याकडे लागलेले डोळे, त्यामुळे ते दोन महिने सोडून द्या. व्यापाऱ्यांना मात्र दान नवे नाही. बिलावर "धर्मादाय" म्हणून काही पैसे लावण्याची पेठेतली रीत इतकी जुनी आहे की १९५० च्या कायद्यात तिच्यासाठी स्वतंत्र कलम ५४ आहे. त्यांना भावनेपेक्षा हिशेब दाखवा.

पावती आणि खाते. देणगी घेण्याचा क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचाच असावा, स्कॅन केल्यावर संस्थेचे नाव दिसले पाहिजे. वैयक्तिक खात्यात पैसे घेतले की ते त्या माणसाच्या उत्पन्नासारखे दिसतात, ८०जीची पावती देता येत नाही, आणि पाठवणाऱ्यांपैकी एकाचे पैसे सायबर तक्रारीत गुंतलेले निघाले तर पूर्ण खाते गोठू शकते. तो माणूस आजारी पडला किंवा गावाला गेला तरी काम थांबते. दुकानात क्यूआरचा स्टिकर लावला असेल तर रोज सकाळी एक रुपया पाठवून तो आपलाच आहे ना, हे बघा. त्यावर दुसरा स्टिकर चिकटवणारे असतात.

यूपीआयने पैसे येतात तेव्हा खात्यात बरेचदा अर्धेमुर्धे नाव आणि १२ आकडी व्यवहार क्रमांक एवढेच दिसते. म्हणून पैसे पाठवणाऱ्याकडून त्याच दिवशी पूर्ण नाव, पत्ता, पॅन आणि त्या व्यवहाराचा क्रमांक घ्या. हे का, तर निनावी देणगीवर कर आहे. नाव-पत्ता नसलेल्या देणग्यांना एक मर्यादा आहे. १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढ्यापर्यंत सूट. त्यापलीकडे थेट ३० टक्के कर. समजा संस्थेच्या वर्षभराच्या देणग्या ६ लाख, त्यात डब्यातले आणि बेनामी यूपीआयचे १ लाख ६० हजार. वरच्या ६० हजारांवर १८,००० रुपये कर आणि वर उपकर. मुलांच्या दुधाचे पैसे अशा रीतीने केवळ वहीत नावे नसल्यामुळे जातात. डबा फिरवायचाच असेल तर सीलबंद ठेवा, दोघांसमोर उघडा, मोजदादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. जमा रोकड खर्चाला वापरू नका. खर्च खात्यातूनच होऊ द्या.

पावतीपुस्तके संस्थेने छापलेली, अनुक्रमांकाची, स्थळप्रतीसह असावीत. कोणते पुस्तक कुणाला, कोणत्या तारखेला दिले याची वही ठेवा आणि पुस्तक परत येताना सही घ्या. कोरी पावती फाटली तर फेकू नका, "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवा. वर्षअखेरीस लेखापरीक्षक जमलेल्या रकमेआधी मधले गायब क्रमांक शोधतो. पावतीवर संस्थेचे नाव, पॅन, नोंदणी क्रमांक, ८०जी आदेशाचा क्रमांक आणि देणगीचा हेतू हवा.

८०जीबद्दल देणगीदाराला खोटी आशा दाखवू नका. "निम्मे पैसे परत मिळतात" हे वाक्य सर्रास ऐकू येते, ते चूक आहे. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने १०,००० दिले तर ५,००० ची वजावट, म्हणजे उपकर धरून कर वाचतो १,५६०. नवी करप्रणाली घेतलेल्याला ही वजावट नाहीच. २,००० रुपयांहून जास्त रोख दिली तरी नाही, आणि धान्य, कपडे, पुस्तके अशा वस्तू दिल्या तरी नाही. १९६१ च्या कायद्यातले हे कलम २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात वेगळ्या क्रमांकाने आले आहे, पण कार्यालयांत आणि लोकांच्या तोंडी अजून ८०जीच आहे. देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी आपली पावती पुरत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेने देणग्यांचे विवरणपत्र भरावे लागते आणि त्यातून निघालेले प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क संस्थेवर बसत जाते. तुम्ही पॅनशिवाय जमवलेली दोनशे नावे एप्रिलमध्ये संस्थेच्या कारकुनाच्या डोक्यावर टाकलीत, तर तुमच्या मदतीचा त्याला जाचच होतो.

कार्यक्रम करून निधी उभारण्याचा मोह सांगलीत फार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे "सीता स्वयंवर" केले त्या गावात मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावावासा वाटणे साहजिक आहे. पण आधी आकडे मांडा. समजा ६०० तिकिटे, सरासरी २०० रुपये. सगळी खपली तर १,२०,०००. नाटकाची नाईट (एका प्रयोगाचे मानधन) आणि प्रवास ७०,०००, नाट्यगृह, ध्वनी, प्रकाश १५,०००, छपाई, फलक, जाहिरात १२,०००. खर्च ९७,०००. हाऊसफुल्ल होऊन हाती २३,०००. चारशेच तिकिटे गेली तर १७,००० खिशातून. म्हणून प्रायोजक आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून पूर्ण खर्च निघाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. तिकीट ही देणगी नव्हे, त्यावर ८०जीची पावती फाडू नका. गटाने पहिल्या वर्षी कार्यक्रमाच्या वाटेला जाऊच नये, असे आम्हाला वाटते.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी कायद्याने खर्च करायचा निधी नवख्या गटासाठी नाही. ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही नसलेल्या कंपनीला ते बंधन लागू नाही. आपल्या वसाहतीतले बहुतेक कारखाने त्यात येत नाहीत. त्या उद्योजकाकडे व्यक्ती म्हणून जा. परदेशातल्या मित्रांबाबत एकच पथ्य. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे चालतात, पण नागरिकत्व बदललेल्याचे पैसे विदेशी योगदान ठरतात, आणि एफसीआरए (विदेशी योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या संस्थेने ते एक रुपयाही घेऊ नयेत. ऑनलाइन मंचावर आवाहन टाकणार असाल तर शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि देणगीदाराकडून आपोआप कापली जाणारी "टिप" आधी वाचा.

वस्तूंचे दान विचारल्याशिवाय घेऊ नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर जुन्या कपड्यांचे जे ढीग आपल्या भागात साचले, ते उचलण्याचे कामच मोठे होऊन बसले होते. धान्याचे तसे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिची वसतिगृहे गावोगावच्या घरांतल्या मूठमूठ धान्यावर चालली. आजही धान्य मागता येते, पण प्रकार, पोत्याचे वजन आणि पोहोचवण्याची तारीख संस्थेकडून घेऊन. पाच प्रकारचा तांदूळ एकत्र आला की तो एका पातेल्यात सारखा शिजत नाही.

काम झाल्यावर पंधरा दिवसांत हिशेब द्या. एका पानावर एकूण जमा, बँकेचे शुल्क, खर्चाची बिले, उरलेली रक्कम आणि ती कुठे गेली ते लिहा, त्यावर संस्थेची सही-शिक्का घ्या आणि ते पान पाचशे देणाऱ्यापासून पंचवीस हजार देणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला पाठवा. बसवलेल्या वस्तूचा फोटो जोडा, मुलांचा नको. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. आणि कायदा नसता तरी चेहरा दाखवून मदत मागणे त्या मुलाला आयुष्यभर चिकटते.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रात मदतीची आवाहने छापून येतात. त्यांपैकी संस्थेसाठीच्या प्रत्येक आवाहनात नोंदणी क्रमांक, संस्थेच्याच नावाचे खाते, हवी असलेली रक्कम आणि संकलनाची शेवटची तारीख असल्याशिवाय ते छापू नये, आणि तारीख उलटल्यावर त्याच जागी जमा-खर्चाचे चार ओळींचे निवेदन मागवून घ्यावे, अशी विनंती आहे.

कळावे,
सार्वजनिक संस्थांचे हिशेब लिहिणारे कार्यकर्ते, विश्रामबाग, सांगली